देवळाच्या पायरीवरनं माघारी

माझं माहेर तिकडं वडूजच्या अंगाला, मुरमाड रान, बाजरी आन मटकी, पान्यासाठी हिंडायचं, आन दिली कुटं तर सांगलीकडं कृष्णेच्या काठाला, ऊस आन हळद असल्याल्या घरात, तर आई म्हणली माझ्या लेकीच्या डोईवरची घागर उतरली. घागर उतरली खरी, बाकीचं काय उतरलं न्हाई. मालक मिल्ट्रीत, वर्सातनं सुट्टीला येनार, आन घरात सासू-सासरं, थोरलं दीर आन आक्का. आक्का म्हंजी माजी थोरली जाऊ. ती हुती म्हणून मी ह्या घरात टिकले, हे आदी लिवून ठेवा ताई, फुडं इसरायला नको.

काय सांगू तुमाला, आमच्यात देवाचं लय. सोमवारी निवद, अमावस्येला निवद, जत्रेला तर इचारूच नका. आन अडचण आली की बाईनं सोप्याच्या कडंला बसायचं, चुलीला हात लावायचा न्हाई, हंड्याला लावायचा न्हाई, देवळाची तर पायरीबी चढायची न्हाई. रानात मात्र जायचं हां, उसात भांगलायला अडचण आड येत न्हाई. मग मी बसले की आक्कानं चूल आन देव बगायचा, आक्का बसली की मी. तिची पाळी मला पाठ, माजी तिला. आमच्या नवऱ्यांस्नी ह्यातलं काय म्हाईत न्हाई, माजा तर तिकडं बर्फात, पर आक्काचा घरात हुता की, त्यालाबी न्हाई.

दोगींची एकदम आली की झाला घोळ. एकदा गौरीच्या सनाला असंच झालं, तवा सासूबाईंनीच पोराला पाठवून मेडिकलातनं गोळ्या आनल्या, पाळी फुडं ढकलायच्या. मेडिकलवाला कुनासाठी, कशासाठी, काय इचारत न्हाई, कागदात गुंडाळून देतो. मग ते सवयीचंच झालं. गौरी आल्या, घे गोळी. जत्रा आली, घे गोळी. भावकीतलं लगीन, घे गोळी. डाक्टरला इचारावं असं कुनाच्या मनातबी आलं न्हाई, त्यात डाक्टरचं काय काम, ते देवाचं काम.

चाळिशी आली आन माज्या अंगावरनं लय जायला लागलं. लय म्हंजी लय ताई. थांबायचंच न्हाई, गाठी पडायच्या, रानात उभ्या-उभ्या साडी भरायची, मग पाटाच्या पान्यात धुवायची आन तशीच वली नेसून काम करायचं. हळद शिजवायच्या दिवसांत काहिलीच्या शेजारी चक्कर यिऊन पडले, जरा इकडं पडले असते तर हळदीबरं शिजले असते. आन जी ती म्हणनार, चाळिशीत असंच असतंय. पाळी जायच्या आदी असंच करती. म्हशीनं एक दिस वैरण सोडली तर जनावराचा डाक्टर फटफटीवर दारात हजर, आन मी भिताडाला धरून चालतीया तर असंच असतंय! आजबी ते आठवलं की माजं डोस्कं फिरतंय. दुसऱ्या बायका म्हणायच्या पिशवी काढून टाक, सुटशील. गावातल्या किती जनींनी काढली, का काढली ते त्यांनाबी सांगता येत न्हाई.

आक्काची पाळी तवर गेली हुती, त्यामुळं देवाचं समदं तिच्याच अंगावर पडलं. मी तर कायमचीच बसल्यागत. सासूबाई बडबडायच्या, ह्या घरात देवाला एक सोवळी बाई घावंना. आक्का म्हणायची, आवं मी हाय न्हवं, तिला बसू द्या. हे तिचं बोलनं ध्यानात ठेवा.

तर एक दिस गाडीवर भोंगा लावून पुकारत आले. बायकांसाठी फुकट शिबिर, अंगावरनं लाल जानं, पांढरं जानं, ओटीपोटात दुखनं, पिशवीच्या तोंडाची तपासनी, समदं बगनार. मला वाटलं आली बाई माजी वेळ. आन शिबिर कुटं ठेवलं म्हणता? देवळात! सभामंडप मोठा, पंखं हायत, फरशी हाय, बाजूला जत्रेची भांडी ठेवायची खोली हाय, तितं पडदा लावून तपासता येतंय, असं गावातल्या बाप्यांनी ठरीवलं. बाईला एक शब्द इचारला न्हाई.

आता मी काय करावं? माज्या अंगावरनं तर चालूच. मग मी तेच केलं जे इतकी वर्सं केलं. मेडिकलातनं गोळ्या मागीवल्या, खाल्ल्या, आन थांबीवलं. न्हाऊन, सोवळी हुऊन, नवी साडी नेसून निगाले. आक्काबी संगं आली. पायरीपतूर आली, चप्पल काडली, उभी ऱ्हायली, आन म्हणली तू हो फुडं, माजं म्हशीच्या धारंचं ऱ्हायलंय. दुपारची कसली धार? पर मी माज्याच नादात, चढले वर.

आत डाक्टर बाई हुत्या, तरण्या, चेहऱ्यानं गरीब. म्हणल्या काय होतंय मावशी. म्हणलं अंगावरनं लय जातंय. आज जातंय का? म्हणलं न्हाई, आज बंद हाय. आपोआप बंद झालं? म्हणलं न्हाई, गोळ्या घेतल्या. का घेतल्या? म्हणलं देवळात यायचं हुतं न्हवं. बाईंनी पेन खाली ठेवला. म्हणल्या म्हंजे मला जे दाखवायचं ते थांबवून तुमी मला दाखवायला आलाय? मला आदी हसू आलं, मग रडूच आलं. बाई उटल्या, समद्यांकडं बगून म्हणल्या, ज्यांच्या अंगावरनं आज जातंय त्या कुटं हायत?  बायका एकमेकींकडं बगाय लागल्या. घरी असत्याल, असं कोनतरी म्हणलं. बाई म्हणल्या, मी त्यांच्यासाठीच आले हुते हो.

बाईंनी पडद्याआड नेऊन तपासलं. मी लाजंनं मरत हुते, पर दुखलं-बिकलं काय न्हाई, आपुन उगंच भ्या घिऊन बसतो. सांगलीला त्यांच्याच दवाखान्यात बोलीवलं, सोनोग्राफी केली, तर पिशवीला गाठ. मी म्हणलं काढा मग पिशवी. बाई म्हणल्या, साधी गाठ हाय, अंगात रक्त न्हाई ते आदी भरू, गाठीचं मग बगू, पिशवी काढायची घाई कशाला? पयल्यांदा कुनीतरी मला 'कशाला' असं इचारलं. आन निगताना त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली, की पाळी जाऊन वर्स झाल्यावर रगाताचा एक ठिपका जरी दिसला, तरी घरात बसायचं न्हाई, यायचं.

घरी आले तर आक्का हळद निवडत बसल्याली. मी शेजारी बसले आन जसं ऐकलं तसं सांगाय लागले, गाठीचं, रक्ताचं, आन ह्या ठिपक्याचं. तिचा हात थांबला. म्हणलं काय झालं? काय न्हाई म्हणली. मग म्हणली, अगं मला तर लय दिस झालं, येतंय मधनंच. म्हणलं काय येतंय? म्हणली, परत आलीया.

मी तिचा हात धरला. म्हणलं मला का सांगितलं न्हाईस, तुजं-माजं काय झाकल्यालं हाय? तर म्हणली, तू कायमची बसल्याली, मीबी बसले तर निवद कोन करनार? सासूबाईंनी तुला खाल्लं असतं. म्हणलं मग देवळात का आली न्हाईस, आत डाक्टर हुती की. तर खाली बगून म्हणती कशी, घरच्या देवाची मी रोज माफी मागून घेती, गावाच्या देवाला कसं फसवू?

मी तिच्यावर लय वराडले ताई. हळदीचं सूप उधळलं. कुनावर वराडत हुते मलाच कळंना, तिच्यावर, सासूबाईवर, का त्या मंडपातल्या पंख्यावर. माज्यापायी ती गप ऱ्हायली, माजी बाजू वडाय गेली आन सोताचा जीव घालवाय बसली.

दुसऱ्याच दिशी तिला धरून सांगलीला त्या बाईंकडं नेली. तितनं मिरजेला पाठीवलं, पिशवीतला तुकडा तपासला, कॅन्सर निगाला. दीर म्हणलं मला कसं कुनी सांगितलं न्हाई? मी म्हणलं तुमी कवा इचारलंसा? तिची पिशवी मात्र काढावीच लागली. आपरेशनच्या दिशी मी भाईर बाकड्यावर बसून एकच म्हणत हुते, माजं समदं रगात जाऊ दे, पर ही परत येऊ दे. आली. डाक्टर म्हणलं येळेत आनलंसा, अजून थांबला असता तर सांगता येत न्हवतं. अजूनबी तपासनीला न्यावं लागतंय, पर आतापतूर बरं हाय. माजीबी गाठ काढली, पिशवी हाय तितंच हाय.

आता सासूबाई जाऊन वर्सं झाली, तरी बी आमच्यात बसनं सुटलं न्हाई, इटाळ सांगनारं कुनी न्हाई तरी पाळतोय. आन परवा परत भोंगा फिरला, शिबिर हाय, कुटं, तर देवळात. सरपंचाकडं गेले, माज्या लेकाच्या वयाचा हाय, म्हणलं शाळंत ठेव, न्हाईतर माजा सोपा घे. तो इकडं-तिकडं बगतोय, म्हणतोय काकी, असलं चारचौघांत नका बोलू, पत्रकं छापून झाली. पत्रकावर पिशवीचं चित्र काडलंय, ते चारचौघांत चालतंय!

घरी आले तर माजी सून सैपाकघरात, हातात गोळ्यांचं पाकीट. कालेज झाल्याली पोरगी. तिलाबी दोन-तीन म्हैन्यापास्नं अंगावरनं जायचा तरास हाय, म्हणूनच तिला दाखवाय न्यायची हुती. म्हणली, आत्या, गुरुवारी शिबिर हाय न्हवं, म्हणून आजपास्नं घेती. मी कपाळाला हात लावून खालीच बसले. 

आक्का देव पुसत बसल्याली. उटली, सुनंच्या हातातनं पाकीट घेतलं आन चुलीत टाकलं. म्हणली, जशी हायस तशी चल, मी संगं येते. पायरीवर कुनी काय इचारलं तर माजं नाव सांग.

तर गुरुवारी आमी तिगी जानार हाय. काय हुतंय ते देव बगंल. तुमी चा घ्या, गार झाला, आन तुमच्या आईची पाळी गेली असंल तर आज घरी गेल्यावर तिला त्या ठिपक्याचं इचारा बाई, आडूनआडून न्हाई, सरळ इचारा.