काथ्याची चव

वानपेन : खरं सांग बुनरूएन, काय ओतलंस माझ्या झाडांना?

बुनरूएन : झालं! अजून तोंडही धुतलं नाही आणि आरोपी हजर.

वानपेन : थट्टा नको. गांजाची पानं कडेनं करपलीत, सगळ्या पिशव्यांतली. परसातल्या मिरच्या मात्र हिरव्यागार.

बुनरूएन : मिरचीनं मला तुरुंगात घातलं नव्हतं, म्हणून ती सोडली. असंच ना, ताई?

वानपेन : तू सुटून आलास आणि झाडं सुकायला लागली. मी काय समजू?

बुनरूएन : याच पानापायी पोलिसांनी मला फरफटत नेलं. तेव्हा तू खिडकी लावून घेतलीस. आता त्याच पानाची पाटी तुझ्या दारावर, वर सरकारी शिक्का! कायदा बदलला, साहेब तेच, हसून तुझ्याकडे चहा पितात. राग आहे मला. पण झाडावर कशाला काढू?

वानपेन : राग आहे, हे तूच कबूल केलंस. मी गावप्रमुखांना बोलावलंय. ते म्हणाले, तू नुसतं हो म्हण, याला गावाबाहेर काढतो.

बुनरूएन : बोलावलंसुद्धा? बरं. माझी पिशवी अजून सोडलेलीच नाही. जायच्या आधी झाडं तरी बघू दे... पिशव्यांत भरलेला हा काथ्या चाखलास?

वानपेन : काथ्या कोण चाखतं?

बुनरूएन : चाख.

वानपेन : थू! खारट! म्हणजे मीठ टाकलंस, मेल्या!

बुनरूएन : एवढ्या पिशव्यांना? पोती लागतील, बाई. दुकानातून पाठीवर आणली असती तर गावानं बघितलं नसतं? काथ्यासाठी नारळाची सोडणं भिजवलीस कुठं?

वानपेन : कालव्यात. आई भिजवायची तिथंच.

बुनरूएन : कधी?

वानपेन : सोंगक्रानचा सण उरकल्यावर. भर उन्हाळ्यात.

बुनरूएन : मग गोड्या पाण्यानं धुतलीस?

वानपेन : आई कधी धुवायची नाही. भिजवायची, कुटायची, की झालं.

बुनरूएन : आई दोर वळायची, ताई.

वानपेन : ...उन्हाळ्यात समुद्राच्या भरतीचं पाणी आपल्या घाटापर्यंत चढतं. अजूनही खारंच आहे.

बुनरूएन : मी काही बोललो नाही.

वानपेन : दोराला काय, खारं असो की गोडं. बाई गं! मीच त्या मिठात रोपं खोचली. सगळी मेली का रे?

बुनरूएन : शेंडे जिवंत आहेत. पावसाच्या पाण्याचे रांजण रिकामे कर. खालून निथळणारं पाणी जिभेला गोड लागेपर्यंत ओतत राहा.

वानपेन : तू नाही ओतणार?

बुनरूएन : मी गावाबाहेर ना? ऐक, फाटक वाजलं. आले तुझे प्रमुख. सरक, जाऊ दे मला.

वानपेन : पिशवी ठेव खाली. भात लावलाय दोघांचा.

बुनरूएन : आणि त्यांना काय सांगशील? गावभर तर माझं नाव झालंय आधीच.

वानपेन : सांगते नंतर. आधी तांब्या घे आणि घाटावर जा. त्यांना प्यायला कालव्याचं पाणी आण.