आष्ट्याला न गेलेले कोरे कागद

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

आधी एक कबूल करतो. सुभेदार मामांचा, म्हणजे शैला मॅडमच्या थोरल्या भावांचा, मला आठ दिवसांपूर्वी फोन आला. "सागर, तू तिच्यासंगं सगळ्यात जास्त हिंडलायस. तूच बोल. चार ओळी लिहून आण." मी हो म्हणालो आणि आठ दिवस काही लिहिलं नाही. एक दिवस पेन सापडेना. एक दिवस मित्राच्या गाडीवर साताऱ्याला गेलो, तिथून उगीच कोरेगावला गेलो, मॅडमच्या माहेरचं दार लांबून बघितलं आणि परत फिरलो. दोन दिवस तर नुसता झोपलो. हे जे वाचतोय ते आज सकाळी सांगली स्टँडच्या बाकड्यावर बसून लिहिलंय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी तसा बडबड्या माणूस. पण इथं तिचा फोटो आहे, हार आहे, आणि तिच्याकडं पाठ करून बोलायचं. अवघड आहे हो. लय अवघड आहे.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखत नसतील. मी कॉलेजचा नाही. मी कुठलाच नाही. बारावीनंतर पेट्रोल पंपावर होतो, मग ट्रकवर क्लीनर, सुरतेला सात महिने कापड घडी करायला, आणि तिथून पळून आलो ते मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायला. तिथंच एका गोडाऊनच्या पत्र्यावर एक बाई चढलेली बघितली. पदर खोचलेला, हातात टेस्टर. तिचं यंत्र बंद पडलं होतं. मी वर गेलो, वायर जोडून दिली.

"शाळा किती?"

"बारावीला दोनदा बसलो."

"आणि पास?"

"ते राहिलं."

ती हसली. म्हणाली, "उद्यापासून येतोस का? पण तुझ्या पायाला भिंगरी हाय, ती काढून ये." ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, पण माझ्याशी कायम कोरेगावचंच बोलली.

ते यंत्र म्हणजे एक पंप. तो दिवसरात्र हवा ओढतो आणि तळहाताएवढ्या गोल पांढऱ्या कागदातून सोडतो. डोळ्याला न दिसणारे कण कागदावर अडकतात. घालताना कागद पांढरा असतो, काढताना काळा. मग मॅडम त्याचं वजन करायची, त्यातलं रसायन तपासायची आणि सांगायची, हा गाडीचा धूर, हा जळत्या कचऱ्याचा, हा उसाच्या पाल्याचा. एकदा एक व्यापारी तिला चिडवायला म्हणाले, "मॅडम, हळदीचा धुरळा कशाला मोजताय? औषधी असतो तो!" ती म्हणाली, "मग रोज नाकानंच घेता का शेठ, का चमचा ठेवलाय?" अख्खं यार्ड हसलं. शेठही हसले, मग खोकले. मी तेव्हा खोकल्यालाही हसलो होतो.

भरकटतोय. मुद्द्यावर येतो. मुद्द्यावर यायची भीती वाटते म्हणूनच भरकटतोय.

मुद्दा कोऱ्या कागदाचा आहे. दर फेरीला पेटीत एक जास्तीचा कागद असायचा. तोही बाकीच्यांसारखाच गावाला न्यायचा, यंत्रात बसवायचा, पण पंप चालू करायचा नाही. लगेच काढायचा, परत गुंडाळायचा, आणायचा. मी पहिल्यांदा म्हणालो, "मॅडम, हे कशाला? नुसतीच यात्रा त्याची." ती म्हणाली, "आरं, कागद नेताना आणताना आपल्या हातानं किती घाण लागली ते ह्यो सांगतो. ती वजा केल्याशिवाय हवेवर आळ घ्यायचा न्हाई."

हवेवर आळ घ्यायचा न्हाई. मी मान डोलावली. मला कळलं असं मला वाटलं.

गेल्या हिवाळ्यात आमचं एक यंत्र आष्ट्याला होतं. एका घराच्या गच्चीवर, आणि शेजारी आप्पांचं गुऱ्हाळ. यंत्राला वीज आप्पांनीच दिली, स्वतः वायर ओढून. सत्तरीचा माणूस. मी दर दोन दिवसांनी मोटरसायकलवरून जायचो. गच्चीवर वारा असा की कागद हातात टिकायचा नाही, चिमट्यातनं उडायचा. मग मी काय केलं? कागद धरणारी ती चकती घेऊन खाली गुऱ्हाळात जायचो. चुलवाणापाशी पोत्यावर बसायचो, ऊब घ्यायचो, आप्पा वाटीत काकवी द्यायचे, आणि तिथं त्या धगीत, त्या धुरात, मी कागद बदलायचो. मला वाटायचं, दोन मिनिटांचं तर काम.

आणि कोरा कागद? तो मी नेलाच नाही. पूर्ण हिवाळाभर नेला नाही. माझ्या खोलीत कपाटावर डबा होता, त्यात कोरे कागद जसेच्या तसे राहायचे. परत देताना एकेक काढून पेटीत ठेवायचो. यात्रा कशाला करायची त्याची, असं मला वाटायचं.

तुम्हाला आता कळलं असेल. चुलवाणाचा धूर माझ्या हातावर होता, बाहीवर होता, उघड्या पेटीत होता. तो प्रत्येक कागदावर बसला. एक कोरा कागद जरी माझ्याबरोबर त्या पोत्यावर बसला असता, तर त्यानं मॅडमला सांगितलं असतं. तो तेवढ्यासाठीच होता. तो कपाटावर होता.

आष्ट्याचे आकडे भयंकर आले. गावात सभा झाली, मॅडमनं ते वाचून दाखवले, उसाच्या धुराचा वाटा सगळ्यात मोठा. कोणाचं नाव तिनं घेतलं नव्हतं, पण गावाला नाव घ्यावं लागत नाही. पोरं आप्पांकडं बघायला लागली. एक जण मागून ओरडला, "आमच्या लेकरांच्या छातीत तुमचा धूर हाय, आप्पा!" आप्पा उठले. म्हणाले, "बाई, माझी सून दोन वरसं खोकतीया. ते बी माझ्यामुळंच म्हणायचं का?"

मॅडम हातातले आकडे परत पहिल्यापासून बघायला लागली.

त्याच संध्याकाळी आप्पांनी चुलवाण विझवलं. ऐन हंगामात. अजून विझलेलंच आहे.

परत येताना गाडीवर मागं बसून तिनं विचारलं, "सागर, कोरे कागद लय पांढरे आलेत रं. तू बसवत हुतास न्हवं यंत्रात?"

मी म्हणालो, "व्हय मॅडम. दर वेळी."

एवढंच. वारा होता, गाडी चालू होती, मागं बघायची गरज नव्हती. तिनं माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाली, "मग बरं."

त्यानंतर महिन्याभरात मॅडम गेली. तुम्हाला माहीत आहे, प्रयोगशाळेत, वजनकाट्यापुढं, हृदय बंद पडून. सगळे म्हणतात काम करता करता गेली, चांगलं मरण आलं. मीही चार जणांना तसंच सांगितलं. पण काल इथले सर, तिच्याबरोबर शिकवणारे, मला सहज म्हणाले, "अरे, शेवटच्या दिवशी तिनं ते कोरे कागद परत काढले होते. एकेक पुडी उघडून पुन्हा वजन करत होती. का, ते काही कळलं नाही." सर, मला कळलं. मला लगेच कळलं. मग बरं असं म्हणाली, पण तिला बरं वाटलं नव्हतं.

आता हे माझ्या कागदावर नाही. तासाभरापूर्वी सरांनी याच माइकवर सांगितलं की मॅडमचा हवेचा अहवाल तिच्या नावानं सरकारकडं द्यायचा, तीच तिला श्रद्धांजली. तुम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत वाजवत नाहीत, तरी वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

सर, आष्ट्याचा भाग देऊ नका. हात जोडतो. आप्पांच्या गुऱ्हाळाला धूर नाही असं मी म्हणत नाही. आहे. मी त्यात बसलोय. पण आष्ट्याच्या हवेतला किती आणि माझ्या बाहीवरचा किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तो हिवाळा परत मोजता येत नाही. बाकीच्या ठिकाणी मी कोरा कागद नेला होता का? यार्डात नेला होता. तिथं ती स्वतः असायची. बाकी आठवत नाही. खोटं सांगत नाही, आठवत नाही. उद्या कोणी हे शोधून काढलं तर म्हणेल, शैला मॅडमनं आकडे फुगवले. तिनं नाही. मी. हे लिहून घ्या, सही करतो.

मामा, तुम्ही मान खाली घातलीय. तुम्ही मला चांगलं बोलायला बोलावलं होतं. चांगलं एवढंच आहे की तिनं माझ्यासारख्या माणसाला विचारलं आणि त्याच्या 'हो'वर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला. असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

पुढं कागदावर लिहिलंय, आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहूया.

थांबा. सर चिठ्ठी देताहेत.

आष्ट्याहून आप्पा आलेत. खाली जिन्यापाशी चपला काढताहेत. त्यांना कोणी कळवलं होतं? मामा, तुम्ही? नाही?

मी आत्ता बोललो त्यातलं त्यांनी काहीच ऐकलेलं नाही. पुढची एक खुर्ची मोकळी करा कोणीतरी. आणि तुम्ही उभे राहा, मॅडमसाठी शांत राहा. तोवर ते वर येतील. मग मला हे पहिल्यापासून परत सांगायचंय.