सील मी तोडले

नाव : मगन झिपरू लोहार. वय : ४७ वर्षे. धंदा : लेथ व फिटिंगचे काम. राहणार : आग्रा रोड, प्रकाशचंद हीरालाल यांची चाळ, धुळे. मूळ गाव शिंदखेडा.

पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर पंधरा वर्षांपासून माझे लेथचे दुकान आहे. ऑइल इंजिन, पंप, बॉयलरच्या नळ्या अशी कामे मी करतो. माझ्यावर यापूर्वी कसलीही केस नाही.

काल दिनांक २० फेब्रुवारी १९७३ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास दुकानापुढे एक जीप थांबली. त्यातून श्री. टिपणीस नावाचे साहेब उतरले. आपण एका अणुवीज केंद्राचे भांडार अधिकारी आहोत असे त्यांनी सांगितले. मुंबईहून केंद्राचा माल नेणारा ट्रक लळिंग घाटात कलंडला होता. एक खोका फुटून आतल्या व्हॉल्व्हची बाहेरची दांडी वाकली होती. ती सरळ करून पाहिजे होती.

मी विचारले, "साहेब, हा कशाचा?" ते म्हणाले, "सुरक्षेचा आहे. दाब वाढला की आपोआप उघडतो. तुम्ही फक्त दांडी बघा. टोपीला हात लावू नका, कारखान्याचे सील आहे." टोपीवर तार व शिशाचे सील होते. सोबत तपासणीचा दाखला होता. त्यावर चार सह्या होत्या.

दांडी अर्ध्या तासात सरळ झाली. त्यानंतर मी व्हॉल्व्ह हातपंपाला जोडून पाण्याचा दाब दिला. हे मला कोणी सांगितले नव्हते. साहेब तेव्हा समोरच्या हॉटेलात चहा घेत होते. व्हॉल्व्ह दहा किलो दाबाला उघडेल असे त्यावर कोरलेले होते. दहाला उघडला नाही. बाराला उघडला नाही. पंधराला माझ्या पंपाची नळी गळू लागली, व्हॉल्व्ह शांत होता.

मी साहेबांना बोलावले. ते म्हणाले, "दाखल्यावर तर बरोबर आहे असे लिहिले आहे." मी पुन्हा दाब देऊन दाखवला. मी काटा पाहत होतो, ते दाखला पाहत होते. मग मी पक्कडीने तार कापली. साहेब "थांबा" म्हणाले हे खरे आहे. मला ते ऐकू आले हेही खरे आहे.

टोपीखाली एक बोल्ट स्पिंडलवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडताना वर सरकणाऱ्या आतल्या गजावर, घट्ट कसलेला मिळाला. कारखान्यात चाचणी घेताना व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून असा बोल्ट लावतात व नंतर काढतात. तो काढायचा राहिला होता आणि त्याच्यावर टोपी व सील बसवले होते. तो असेपर्यंत व्हॉल्व्ह कितीही दाबाला उघडत नाही. मी पान्याने तो काढला. अर्धा मिनिट लागले. पुन्हा दाब दिला तेव्हा व्हॉल्व्ह बरोबर दहाला उघडला. पाणी साहेबांच्या पँटीवर उडाले.

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "मगनभाऊ, सील होते तोवर हा पास होता. आता नापास झाला." मी म्हणालो, आता तर उघडतो. ते म्हणाले, "ते मला दिसते. पण ते लिहायला माझ्या फॉर्मात रकाना नाही. सील तुटल्याचा आहे." त्यांनी बोल्ट परत लावून सर्व होते तसे करून देण्यास सांगितले. मी नकार दिला. त्यांनी आवाज चढवला नाही. गृहस्थ भले वाटले.

मी विचारले, असे किती आहेत. ते म्हणाले, "या लॉटचे दहा. त्यातले नऊ आमच्या केंद्रात बसवून झाले. त्यांची सीले शाबूत आहेत." त्यानंतर ते तक्रार देण्यास निघून गेले.

सांगितले नसताना दाब का दिला, असे फौजदार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, माझा धाकटा भाऊ निंबा अमळनेरला एका तेल गिरणीत बॉयलरवर कामाला होता. सन १९५६ साली तो बॉयलर फुटला. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला नव्हता. तोही तपासलेला होता. त्याचा दाखला ऑफिसात काचेच्या फ्रेममध्ये होता. ऑफिसला काही झाले नाही. निंबाला मी त्याच्या हातातल्या कड्यावरून ओळखले. तेव्हापासून माझ्याकडे आलेला व्हॉल्व्ह मी दाब दिल्याशिवाय परत करत नाही. दुसरे कारण नाही.

आज सकाळी अकरा वाजता मला चौकीत बोलावले. टिपणीस साहेबही तेथे होते. फौजदार साहेब म्हणाले, "ट्रक कलंडला तेव्हा सील तुटले असे लिहू. तुम्ही घरी जा, हे साहेब आपल्या वाटेने जातील." टिपणीस साहेबांची हरकत नव्हती. माझे घरमालक प्रकाशचंद जामिनासाठी आले होते. ते म्हणाले, "मगनभाऊ, गाडी उलटनी तवय तुटनं म्हन ना. बठ्ठं मिटी जाई." म्हणजे सर्व मिटून जाईल.

मी विचारले, मग आतला बोल्ट कोणी काढला असे लिहाल. टिपणीस साहेब म्हणाले, "मग बोल्ट नव्हताच." मी विचारले, आणि ते नऊ? फौजदार साहेब म्हणाले, "ते सीलबंद आहेत. त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नाही."

मी टिपणीस साहेबांना विचारले की, चौकीचा हा कागद तुमच्याकडे कुठपर्यंत जातो. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "अपघात असेल तर विम्याकडे. गुन्हा असेल तर थेट मुख्य अभियंत्यांच्या टेबलावर."

तरी सांगतो की, सील अपघातात तुटलेले नाही. मनाई असताना, समजून उमजून, माझ्या पक्कडीने मी तोडले. आत बोल्ट होता, तो मी हजर केला आहे. बाकीच्या नऊ व्हॉल्व्हच्या टोप्या काढून पाहाव्यात. माझ्यावर काय कलम लागेल ते फौजदार साहेबांनी मला समजावून सांगितले आहे.

वरील जबाब मला दोन वेळा वाचून दाखवण्यात आला. पहिल्या वेळी नऊ व्हॉल्व्हचे वाक्य त्यात नव्हते. ते घातल्यानंतर माझ्या सांगण्याप्रमाणे झाला आहे, म्हणून सही करतो.

मगन झिपरू लोहार
दि. २१ फेब्रुवारी १९७३
समक्ष : प्रकाशचंद हीरालाल