राक्षसानं कधी पडायचं

डिचोलीच्या बसस्टँडवर विमलाकाकू लाटंबार्शाच्या बसची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"बाबल्या, पणजीच्या सिनेमा महोत्सवात एक चिनी नट बघलंय. तो जल्मभर हिरोंच्या बदली घोड्यावरसून पडलो, त्याचा तोंड कधी पडद्यार दिसूक नाय."

"मगे?"

"म्हातारपणात तो स्वतः हिरो झालो! बक्षीस घेऊक इलो आणि स्टेजवर तसोच पडान दाखवल्यान. अख्खो हॉल उभो!"

"दत्तारामा, तू पण दशावतारात राक्षस. भीम मारता, तू पडतंस."

"आमचे संवाद लिवन कोण देता? सगळा आयत्या वेळी रंगमंचार ठरता. कधी पडाचा, ता राक्षसान ठरवचा."

"मगे आज रातीच्या चोपड्याच्या जत्रेतल्या नाटकात उजाडल्याशिवाय पडू नको."

"आज भीमाकच घाम फोडतलंय!"

लाटंबार्शाची बस आली. काकू उठल्या नाहीत.

"बाबांनो, चोपड्याची बस खंयसून सुटता?"