चिकूचा फॉर्म

नाही, नाही, फॉर्म नंतर. आधी बसा, साकेत. पट्टा सोडा त्याचा, एसीसमोर पडू दे — बाहेर त्रेचाळीस आहे, म्हातारा धापा टाकतोय बघा. चिकू, इकडे ये! ओळखतो की मला. तुम्ही दर दिवाळीत पुण्याला गेलात की इथेच असतो ना. तर — तुमची सिंगापूरला बदली, इथे याला कुणी ठेवून घेत नाही, या वयात विमान झेपणार नाही. बरोबर? आणि लेकीला काय सांगितलंय? फार्महाऊसवर पाठवतोय? अच्छा. नऊ वर्षांची ना रेवती? विश्वास ठेवते अजून.

हो, देतो मी ते कायमचं झोपवायचं इंजेक्शन. कुठे कळलं, सोसायटीच्या ग्रुपवर? ठीक आहे, लपवण्यासारखं काय आहे त्यात. सैन्यात चौदा वर्षं जनावरांचा डॉक्टर होतो मी. मेजर झालो आणि बाहेर पडलो — सगळे म्हणाले, सुधन्वा, वेडा आहेस, पेन्शनला सहाच वर्षं राहिलीत. इथे सोहना रोडला जागा घेतली, लोकांची कुत्री सांभाळायला बारा पिंजरे टाकले, आज चाळीस आहेत. पेपरात पण आलं होतं, फौजीचा स्टार्टअप म्हणून. पेपरवाल्या मुलीनं विचारलं मुलाखतीत, सर, सैन्य का सोडलंत? म्हटलं, स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं. बिल्कुल खोटं.

तो भिंतीवरचा फोटो बघताय ना? ती टीना, आमच्या युनिटची कुत्री. वेबसाइटवर पण तीच आहे, लोक तिला बघूनच येतात. सुरुंग हुंगायची. तिला सांभाळणारा जवान विठ्ठल, खटावचा — हुकूम हिंदीत द्यायचे असतात, हा तिच्याशी मराठीत बोलायचा. चल गं बाय, बस गं बाय. आणि ती ऐकायची! काश्मीरमध्ये एका वरच्या पोस्टवर होतो आम्ही, जानेवारीत. सकाळच्या गस्तीवर स्फोट झाला. माणसं वाचली, कारण पुढे ती होती. मागचा पाय गेला तिचा, पोटात छर्रे. विठ्ठलनं खांद्यावर घालून आणली, अडीच तास, बर्फातून. मी पट्ट्या बांधल्या, रक्त थांबवलं. थांबलं होतं हो — हे तुम्हाला कशाला सांगतोय मी? — पण थांबलं होतं रक्त. ऑपरेशन मात्र खालीच होणार, आणि ढगांमुळे हेलिकॉप्टर नाही. ती कण्हत होती. सारखी. माझ्याच्यानं ऐकवेना. कुणाचा हुकूम नव्हता, साकेत. रेडिओवर एकदा विचारायचं, तेसुद्धा विचारलं नाही मी. विठ्ठलला म्हटलं, जा, गरम पाणी आण. तो गेला आणि मी इंजेक्शन दिलं.

पाणी घेऊन आला तो, पातेलं हातात. ‘साहेब, झोपली का?’ मी हो म्हणालो.

दीड तासानं आभाळ मोकळं झालं. हेलिकॉप्टर आलं रसद घेऊन — आणि रिकामं परत गेलं. विठ्ठलनं तक्रार केली नाही, काही नाही. रोज सॅल्यूट करायचा, कडक. बोलायचा नाही. रिपोर्टात मी लिहिलं, जखमांमुळे मृत्यू. खाली सही माझीच.

म्हणून आलो इथे. म्हटलं, आता कुत्री फक्त सांभाळायची. तर तिसऱ्याच महिन्यात एक बाई आल्या, नव्या घरमालकाला कुत्रा चालत नाही म्हणे. मी म्हटलं, नाही देणार. त्या म्हणाल्या, मग हायवेवर सोडते. दिलं मग. हात जरासुद्धा हलला नाही, यार — आणि मला वाटलं, चलो, हे आपल्याला जमतं. एकोणीस झाले आजवर. आजारी? सात असतील. बाकीचे चिकूसारखे, खाऊनपिऊन सुखी. आणि प्रत्येक मालकाला मी सांगितलं, त्याला काही कळलं नाही. कळतं हो. दाराकडे बघत असतात, तुम्ही गेलात त्या दाराकडे.

काय? दुसरीकडे नेता? न्या की, शहरात दहा जण आहेत — थांबा. बसा. बसा म्हटलं ना! पट्टा ठेवा टेबलावर. फॉर्मवरची ती इंजेक्शनची ओळ खोडा आणि लिहा, कायमचा इथे सोडला. हो, कायमचा. नाही, उपकारबिपकार नाहीत, आभार नका मानू माझे. अकरा वर्षांचा लॅब्रेडोर आहे, चार-पाच दिवस अन्नाला तोंड लावणार नाही. त्यातून उठला तर उठला. नाही उठला, तर मी तुम्हाला कळवणार नाही. फोन करायचा नाही, व्हिडिओ मागायचा नाही, रेवतीसाठीसुद्धा नाही. आणि आता त्याच्या डोक्यावरून हात फिरवू नका. हाकही मारू नका, उठून मागे येईल तो. झाली सही? निघा.