तुकडी माझ्या हुकमात होती

वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज टाइप करून घ्यायला मी रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक म्हातारे फौजी होते; ते टायपिस्ट बाईंना पत्र सांगत होते.

"बाई, 'आय वॉज इन कमांड' असंच लिहितात ना?"

"असंच लिहितात, काका. पण 'मी त्या तुकडीत होतो' एवढं पुरे की. तेही खोटं नाही."

"चाळीस वर्षं तेवढंच सांगत आलो."

"मग आता खपली कशाला काढता?"

"तुकडीतलं एक पोरगं म्हणत होतं, पूल कच्चा आहे. मी म्हटलं, चल पुढे. त्याच्या घरच्यांना अजून वाटतं, तो स्वतःच्या हट्टानं गेला."

"म्हणजे हुकूम तुमचा होता, असं घालू?"

"घाला. आणि इंग्रजी चोख ठेवा. वाक्यात मला पळवाट नको."

"पत्र कोणाच्या नावानं?"

"त्याच्या पुतणीच्या. तिला इंग्रजीच वाचता येतं."

"मागच्या खेपेला त्याची आई आहे म्हणाला होतात ना?"

"होती. गेल्या महिन्यात गेली. तिला आपल्याच भाषेत लिहिता आलं असतं."