वरची सळई

—नाही, नाही, तो फोन आधी खिशात घाला. फोटोबिटो दाखवू नका मला. अकरा वाजता तपासणी ठरली होती, मी साडेदहाला आले, आणि तुम्ही आठ वाजताच चौथ्या मजल्याच्या गॅलऱ्या भरून मोकळे! आता वर जाऊन मी बघायचं काय — ओलं काँक्रीट? हात फिरवून सांगू, वा, काय गुळगुळीत झालंय? इंजिनिअर ना तुम्ही? अख्खी साइट साहेब साहेब करते तुम्हाला. मग काँक्रीटच्या आतलं मला दिसतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? काँक्रीटची गाडी लवकर आली म्हणे. आली तर आली! उभी करायची. उभी राहून घट्ट झालं असतं — होऊ दे की, परत पाठवायची. तुमचा मुकादम जिन्यात मला बघून तोंड लपवत होता, तेव्हाच पाणी कुठं मुरतंय ते कळलं मला.

बसत नाही मी. चहा पण नको. आणि हे काय चिकटवलंय हो इथे भिंतीवर, तुमच्या डोक्यावर? पालिकेचं स्मरणपत्र ना? सोमवारी मलाही आलंय. इमारतींवर देखरेख करणाऱ्या खाजगी तपासनिसांनी काय काय पाळायचं त्याची यादी. चिकटवलंत, छान केलंत, वाचलंत का? कशाला वाचाल, हेल्मेट अडकवायचा खिळा त्याच्यावरच ठोकलाय. थांबा, मीच वाचते. ‘सळया झाकल्या जाण्यापूर्वी तपासनिसाने स्वतः जागेवर हजर राहून पाहणी करावी.’ स्वतः. जागेवर. आणि ही ओळ बघा — ‘छायाचित्र हे पाहणीऐवजी चालणार नाही.’ पुढे — ‘दोष आढळल्यास त्याच दिवशी काम थांबवून पालिकेला कळवावे.’ त्याच दिवशी, सवडीनं नव्हे. आणि त्याच्या खाली, ‘ज्या इमारतीत तपासनिसाच्या नात्यातल्या कोणाचे घर’ — ते जाऊ द्या. ते तुमच्या कामाचं नाही.

हसू नका. गालातल्या गालात हसताय, दिसतंय मला. बाईसाहेबांचं लेक्चर सुरू झालं, असंच ना? अहो, गॅलरी म्हणजे काय असते? एका बाजूनं इमारतीनं धरलेली, बाकी तिन्ही बाजूंनी अधांतरी. खाली खांब नाही, काही नाही. तिला पेलून कोण धरतं? वरची सळई. वरची! ती वरच राहावी म्हणून खाली लोखंडी घोड्या ठेवतात. आणि काँक्रीट ओतायला डझनभर माणसं त्याच सळयांवरून गाड्या ढकलत जातात, घोड्या आडव्या होतात, सळई जाते तळाला — आणि वरून काँक्रीट पडलं की झालं, कोणाच्या बापाला कळत नाही. फोटोत सगळं झकास असतं हो! फोटो काढतात सकाळी, पावलं पडतात नंतर. मधल्या वेळाचा फोटो आहे तुमच्याकडे? नाही ना? मग त्या फोटोची पूजा करा.

काय म्हणालात? सगळेच करतात? सगळेच फोटोवर सही करतात — बरोबर बोललात. अगदी बरोबर. मीसुद्धा केलीये. बघताय काय असे? मी केलीये! सहा वर्षांपूर्वी. एकाच सकाळी दोन साइटवर गॅलऱ्यांचं काँक्रीट होतं, मी एकीकडे गेले आणि दुसरीकडच्या मुकादमाला म्हटलं, फोटो पाठव. पाठवला त्यानं. सात चाळीसचा. सळया रांगेत, घोड्या जागच्या जागी, कोपऱ्यात त्याचा अंगठासुद्धा आलाय. काँक्रीट पडलं दहाला. मी दुपारी घरी बसून लिहिलं — ‘समक्ष पाहणी केली.’ समक्ष! किती सोपा शब्द आहे, लिहायला पाच सेकंद लागत नाहीत. आणि त्या मुकादमानं वर मला सांगितलं, बाई, निवांत राहा. मी राहिले निवांत.

आणि घर कोणी घ्यावं तिथे? माझ्या दादानं! फोटोतल्या त्याच गॅलऱ्यांच्या मजल्यावर, चौथ्या. म्हणजे इमारत निम्मी उभी असतानाच ठरवलं होतं त्यानं, मला माहीत होतं. ते काम मी सोडायला हवं होतं, हीच ती ओळ, मघाशी वाचली नाही ती. नाही सोडलं. दादा जो भेटेल त्याला सांगत सुटला होता — आमची चिमी तपासतेय, आपण काय बघायचं त्यात! साठीला आलाय, अजून चिमी म्हणतो मला. रोज सकाळी त्या गॅलरीत वेताची खुर्ची टाकून पेपर वाचतो. पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. तासभर!

तिसऱ्या वर्षी भेग दिसली. भिंतीला लागून, वरच्या अंगाला, केसाएवढी. मी पेन्सिलीनं टोकाला बारीक रेघ मारली, शेजारी तारीख टाकली. आपली सवय ती. पुढच्या खेपेला वहिनीनं ओल्या फडक्यानं पुसून टाकलेली — म्हणे शेजारची पोरं भिंती खराब करतात. परत मारली, तिनं परत पुसली. शेवटी मी घरी वहीत लिहायला लागले. केसाएवढी. मग पोस्टकार्डाची कड जाईल एवढी. आता नाण्याची कड जाते. जेवायला बोलावतात आणि मी पाणी प्यायला उठले असं दाखवून नाणं घालून बघते! माझ्या या पिशवीत सळई किती खोल आहे ते सांगणारं मशीन आहे, तुमच्या स्लॅबला उद्या लावणार आहे तेच. पाच मिनिटांचं काम. सहा वर्षांत दादाकडे नेलं नाही. का नाही नेलं? का म्हणजे काय, लावलं असतं तर कळलं असतं ना!

आणि आज सकाळी वहिनीचा फोन. खुशीत होती. घरात जागा होत नव्हती, म्हणून वॉशिंग मशीन गॅलरीत हलवलं. आता तुझा दादा पेपर वाचता वाचता कपड्यांवर लक्षही ठेवेल, म्हणाली. मी म्हटलं, बरं केलंत. बरं केलंत म्हटलं मी! आणि तशीच तुमच्याकडे आले, तर इथे तुम्ही हेच —

हे बघा, मी लिहितेय. ‘पाहणीपूर्वी काँक्रीट टाकले. काम थांबवावे.’ खालच्या टेकूला हात लावायचा नाही, मी सांगेपर्यंत एक बल्ली हलता कामा नये. उद्या मशीन लावीन, सळई खाली गेलेली निघाली तर गॅलऱ्या फोडायच्या, सगळ्या. कितीही आदळआपट करा.

काय विचारलंत? कुठली इमारत? — अच्छा. आत्ता आलं लक्षात. म्हणजे मी हा कागद पाठवला तर तुम्ही पण माझ्याविरुद्ध पाठवणार. म्हणूनच मघापासून मूग गिळून बसलात होय! आणि मी आपली बोलत सुटले, बोलत सुटले. हुशार आहात. नाही, खरंच. मालक खूश होईल तुमच्यावर.

द्या तो दुसरा कोरा कागद. द्या म्हणते ना! तुम्ही कशाला तसदी घेता, पत्ता मला पाठ आहे, तारीख पाठ आहे, मुकादमाचा अंगठा कुठल्या कोपऱ्यात आहे तेही पाठ आहे. दोन्ही कागद आजच जातील, एकाच पाकिटात. परवाना गेला तर गेला. थांबा, त्याच्या आधी — हलू नका, फोन लावू द्या.

हॅलो, वहिनी? दादा कुठाय? — पेपर वाचतोय, ते झालं, पण कुठे? — आत बोलवा त्याला. नाही, पान संपल्यावर नाही, आत्ता. खुर्ची राहू दे तिथेच. मशीनला हात लावू नका, तिकडे जाऊच नका कोणी, आणि खालच्यांनाही सांगा, गॅलरीत उभं राहू नका म्हणावं. आला आत? दार लावा. कडी घाला. — द्या त्याला. हं, दादा. मी चिमी. — नाही रे, नाही तपासली. तुझी गॅलरी मी बघितलीच नव्हती.

एक मिनिट, दादा.

तुम्ही अजून इथेच? व्हा बाहेर. व्हा!